समुपदेशन: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आम्हा समुपदेशकांना समुपदेशनाच्या खोलीच्या दारात, कॅन्टीनमध्ये, तास संपल्यावर "मॅडम, एक मिनिट" म्हणून विचारले जातात. बऱ्याचदा सुरुवात "माझ्या एका मित्राचं असं आहे" अशी असते. तो मित्र कोण, हे आम्ही विचारत नाही. प्रश्नांची भाषा शक्यतो मुलांचीच ठेवली आहे.

जीव द्यावासा वाटत असेल, तर हे पान नंतर वाचा. आधी १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८००-८९-१४४१६ लावा. आत्ताच्या आत्ता धोका असेल तर ११२ किंवा १०८.

मला तसं काही झालेलं नाही, नुसतं कशातच मन लागंना. तरी यायचं का?

यायचं. आजार ठरल्यावरच यायचं असा काही नियम नाही. गाव सोडून पहिल्यांदा कॉट बेसिसवर राहायला आलेला, मेसचा डबा अर्धा तसाच परत पाठवणारी, बॅकलॉग राहिल्याचं घरी न सांगितलेला, बोलणं बंद झालेल्या मैत्रिणीचं स्टेटस रात्रभर बघत बसणारी, असे सगळे येतात. झोप, भूक, अभ्यास किंवा माणसांत मिसळणं यांतलं काही दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं असेल, तर वाट बघू नका.

एक मात्र करून या. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. मेसच्या जेवणावर राहणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असणं नवीन नाही, आणि अंगात रक्त नसलं की मनही उभं राहत नाही.

त्या खोलीत नेमकं होतं काय?

बोलणं होतं. पाऊण तास, फार तर तासभर. बरेच जण दाराजवळच्या खुर्चीवर बसतात, बॅग मांडीवरच धरून ठेवतात आणि पहिली दहा मिनिटं परीक्षा फॉर्मबद्दल बोलतात. चालतं. आम्हालाही घाई नसते. मग कधीतरी बॅग खाली ठेवली जाते आणि खरी गोष्ट निघते.

आम्ही विचारतो: हे कधीपासून चाललंय, दिवस कसा जातो, झोप किती होते, घरी कोण कोण आहे, ज्याच्याशी बोलता येतं असं एखादं माणूस आहे का. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारतो, म्हणून दचकू नका. सगळ्यांनाच विचारतो. शेवटी पुढच्या आठवड्यात करून बघण्यासारखं एखादं छोटं काम ठरतं. भाषण, सुविचार, "तुझ्या आईबापाकडे बघ" यातलं काही होत नाही. झालं, तर तो समुपदेशक बदला. रडू आलं तर येऊ द्या. टिश्यू नसतील, पण कुणी हसणार नाही.

घरी कळंल का?

जवळपास प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमचं वय अठरा पूर्ण असेल तर तुमच्या परवानगीशिवाय आम्ही घरी फोन करत नाही. वर्गशिक्षकांना सांगत नाही, प्राचार्यांनाही नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने उपचाराबाबतची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्कच दिलेला आहे. नोंदवही आमच्या कपाटात राहते, निकालपत्रावर किंवा टीसीवर काही येत नाही.

याला अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत सांगायला हवेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका दिसला, तर आम्ही गप्प बसू शकत नाही. न्यायालयाने मागितलं तर माहिती द्यावी लागते. अठराच्या आतल्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्या बाबतीत उपचार सुरू करायचे तर पालकांना सोबत घ्यावं लागतं. पण घरी काय सांगायचं, किती सांगायचं आणि आधी कुणाला, हे तुमच्याशी बोलूनच ठरवतो.

खरी गळती कायद्यातून होत नाही. "ती त्या खोलीत गेली होती" हे कॉरिडॉरमध्ये बघणाऱ्यांकडून होते. कॉलेजने समुपदेशनाची खोली परीक्षा विभागाच्या समोर ठेवली असेल, तर कुणीच येणार नाही. ती ग्रंथालयाच्या बाजूला असावी, असं आम्ही भेटेल त्या प्राचार्यांना सांगत असतो. काही ऐकतात.

पोलीस भरती, सरकारी नोकरीला अडचण येईल का?

चारित्र्य पडताळणीत गुन्हे बघतात. समुपदेशकाची वही तिथे जात नाही. सैन्य आणि पोलिसांच्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आजाराबद्दल विचारतात हे खरं, पण कुणाशी तरी बोलून आलात म्हणजे तुमच्यावर आजाराचा शिक्का बसला असं होत नाही. उलट भरतीच्या भीतीने दुखणं लपवून मैदान मारायला जाणारी मुलं आम्ही बघतो, आणि त्यांची धाव मैदानावर अडत नाही, झोपेवर अडते.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, कुणाकडे जायचं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात शिकलेले डॉक्टर. या तिघांत गोळ्या तेच लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारायला लाजू नका. समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात एमए किंवा समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलेले असतात. रोजच्या अडचणींसाठी तेवढं पुरतं, आणि पुढे पाठवायची गरज आहे का हे ते ओळखतात. कुणाकडे जायचं ते कळत नसेल तर जे जवळ आहेत त्यांच्यापासून सुरू करा.

पैसे किती लागतात? आणि इकडं सोय तरी कुठं आहे?

कॉलेज किंवा विद्यापीठातलं समुपदेशन फुकट असतं. टेलिमानस फुकट आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

डॉक्टरांची गरज पडली तर संभाजीनगरला घाटी रुग्णालय, नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख संस्था आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, या ठिकाणी मनोविकार विभागाची ओपीडी असते. बाकी जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कक्षात चौकशी करा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, आधार कार्ड जवळ ठेवा आणि सोबत एखादा मित्र न्या. रांग मोठी असते आणि रांगेतूनच परत फिरावंसं वाटतं.

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. ही तक्रार रास्त आहे. पण विद्यार्थ्यांच्या शंभरातल्या बहुतेक अडचणींना मनोरुग्णालय लागतच नाही.

आमच्या कॉलेजात असं कुणी नाहीच. मग?

मागा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, असं त्यात आहे. हे कोचिंग क्लासेसनाही लागू आहे. विद्यार्थी प्रतिनिधींनी चार ओळींचा अर्ज प्राचार्यांच्या नावे द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा. आवक क्रमांक नसलेला अर्ज दिला काय आणि न दिला काय, सारखंच. कागदोपत्री "समुपदेशन कक्ष" असतो आणि त्याचे प्रमुख म्हणून एनएसएसच्या सरांचं नाव असतं, हेही आम्हाला माहीत आहे. ते सर मनाने चांगले असतील तर त्यांच्याशीही बोला. फक्त प्रशिक्षित माणसाची मागणी सोडू नका.

माझा प्रश्न पैशाचा आहे. बोलून फी भरली जाणार आहे का?

नाही. आणि "मन खंबीर ठेव" एवढंच सांगून तुम्हाला परत पाठवणारा माणूस समुपदेशक नाही.

आमच्या भागात मनाचं दुखणं आणि पैशाचं दुखणं वेगळं काढताच येत नाही. सोयाबीनचा भाव पडला की दोन महिन्यांनी वसतिगृहातली मुलं मेस बंद करतात. २०२५ च्या सप्टेंबरात पाण्याने शेतं खरवडून नेली, तेव्हा त्या घरांतली मुलं सत्र परीक्षेच्या उंबरठ्यावर होती. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला मुलगा दिवाळीनंतर घरात एकटा उरतो, किंवा त्याच्यावर धाकट्या बहिणीचं बघायची वेळ येते. आईबाप कारखान्यावर, मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ पैसे) डोक्यावर, आणि हा लायब्ररीत बसून "आपण इथं शिकत बसलोय" म्हणून स्वतःला खात असतो. हा काही आजार नव्हे. परिस्थितीचा भार आहे, आणि तो बोलल्याने निम्मा होत नसला तरी वाटून घेता येतो.

म्हणून अशी मुलं आली की आम्ही आधी कागद बघतो. महाडीबीटीवरचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा) अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे? बऱ्याच वेळा तो कॉलेजच्याच लॉगिनला अडकलेला असतो आणि विद्यार्थी समाजकल्याणला शिव्या देत असतो. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का? वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेचा अर्ज करता येतो. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. विद्यापीठात कमवा व शिका योजना आहे. फीचे हप्ते पाडून घेण्यासाठी प्राचार्यांकडे जायचं तर आम्ही सोबत येतो. एकदा कागद हलला की तोच मुलगा पुढच्या भेटीत पहिल्यांदा झोपेबद्दल बोलतो.

घरात कर्जामुळे वडीलच खचलेले वाटत असतील तर त्यांच्यासाठीही १४४१६ आहे, आणि राज्याची १०४ ही आरोग्य सल्ल्याची सेवा आहे. तुम्ही स्वतः वडिलांचे समुपदेशक होऊ नका. लेकराने बापाला धीर द्यायचा, आणि लेकराला कोण देणार?

नीटची परीक्षा दोनदा दिली, मार्क आले नाहीत. गावाकडं तोंड दाखवायची लाज वाटायली.

लातूर-नांदेडला ही लाज खोल्याखोल्यांतून भाड्याने राहते. गावातून एक जण एमबीबीएसला लागला की पुढच्या दहा घरांतल्या मुलांचं मोजमाप तोच होतो. एमपीएससी करणाऱ्यांचं आणखी अवघड. जागा किती निघतील हे हातात नसतं, वय मात्र निघून जातं आणि अभ्यासिकेतला शेजारचा खुर्ची सोडून गेला की पोटात गोळा येतो.

आम्ही दोन गोष्टी करायला सांगतो. एक, आणखी एक प्रयत्न द्यायचा की नाही हे निकालाच्या आठवड्यात ठरवू नका. दोन, प्रयत्न द्यायचाच असेल तर सोबत दुसरी वाट आजच लिहून ठेवा: बीएस्सी, नर्सिंग, फार्मसी, कृषी, जे असेल ते. दुसरी वाट लिहिलेल्या मुलाचा पहिल्या वाटेवरचा अभ्यास बिघडत नाही, सुधारतो, असा आमचा अनुभव आहे. क्लासवाले याच्या उलट सांगतात. त्यांचा धंदा वेगळा आहे.

रात्री दोनपर्यंत चहावर अभ्यास आणि सकाळी सहाला टेस्ट, हे महिनोन्‌महिने चालत नाही. वाचलेलं डोक्यात बसतं ते झोपेत.

"काय झालं रं तुझं?" असं पारावर विचारणाऱ्यांना एकच वाक्य तयार ठेवा: "चालू आहे काका, ठरलं की सांगतो." पुढे उभं राहू नका.

पेपर हातात आला की छातीत धडधड होते, हात थरथरतात. हार्टचं तर नसेल?

पहिल्यांदा झालं असेल तर डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या, म्हणजे शंका मिटते. तपासणीत काही निघालं नाही तर बहुधा तो भीतीचा झटका असतो. फार वाईट वाटतं, पण तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतो. त्या वेळी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. पाय जमिनीवर टेकवून ठेवा. पेपरातला येणारा सगळ्यात सोपा प्रश्न शोधून त्याचं उत्तर लिहायला लागा, क्रम गेला खड्ड्यात. हॉल सोडून पळालात तर पुढच्या पेपरला भीती आधीच येऊन बसते. वारंवार होत असेल तर यावर चांगले उपचार आहेत.

गोळ्यांची सवय लागते म्हणतात.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. मुलं दहाव्या दिवशी सोडतात आणि "काही फरक नाही" म्हणतात. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या काही आठवड्यांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढू शकतात. तसं झालं तर लगेच डॉक्टरांना सांगा. सवय लागते ती काही झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची. त्या मेडिकलवरून परस्पर घेऊ नका, रूम पार्टनरच्या पट्टीतलीही नको.

घरचे म्हणतात बाहेरचं आहे, बाबाकडं नेऊ.

घरच्यांशी देवावरून भांडू नका, हरताल. आई नवस बोलली तर बोलू द्या, दर्ग्याला किंवा खंडोबाला जाऊन यायचं तर जा. तिच्या हातात तेवढंच आहे. तिला फक्त एवढं पटवा की सोबत डॉक्टरही सुरू राहतील आणि गोळी चुकणार नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणं, चटके देणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणा प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे. तिथे तडजोड नाही, ११२ लावा.

सेकंड इयरला आहे, घरी स्थळं बघायलेत. तुम्ही पप्पांना समजवाल का?

तुम्ही म्हणालात तर बोलू, न विचारता बोलणार नाही. आमच्या एका फोनने शिक्षणच थांबेल आणि मोबाईलही जाईल, ही भीती खोटी नसते. आधी आपण बसून बघतो की घरात शब्द कुणाचा चालतो. तो बऱ्याचदा पप्पांचा नसतो. आजीचा असतो, मामाचा असतो, कधी शिकलेल्या चुलतभावाचा. मग "मला लग्न करायचंच नाही" यापेक्षा "पदवीला तीन सत्रं राहिलीत, तेवढी होऊ द्या" हे कसं मांडायचं त्याची तयारी करतो, अक्षरशः सराव करतो. मी मामा होते, तू बोल.

वय अठराच्या आत असेल तर तो बालविवाह आहे, १०९८ ला फोन करता येतो. अठराच्या पुढे जबरदस्ती होत असेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. अप-डाऊन करणाऱ्या मुलींनी भेटीची वेळ दोन लेक्चरच्या मधली मागून घ्यावी, म्हणजे शेवटची एसटी चुकत नाही आणि घरी उशिराचा हिशोब द्यावा लागत नाही.

जातीवरून बोलतात, सीनियर त्रास देतात. याला समुपदेशन काय करणार?

तुम्हाला सावरायला मदत करेल. त्रास थांबवायला तक्रारच लागते. रॅगिंगसाठी यूजीसीची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे, लैंगिक छळासाठी कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती आहे, जातीवाचक अपमानासाठी ॲट्रॉसिटी कायदा आहे. तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून ठेवा, स्क्रीनशॉट जपून ठेवा. "तू जरा मनावर घेऊ नकोस" असं तुम्हाला कुणी समुपदेशनाच्या नावाखाली सांगत असेल, तर ते समुपदेशन नव्हे.

मित्र स्टेटसला काहीबाही टाकायलाय. खरंच काही केलं तर?

खरं धरा. "फुटेज खातोय" म्हणून सोडून देऊ नका. आवडती वस्तू वाटून टाकणं, उधारी मिटवत सुटणं, सगळ्यांना "माफ करा" म्हणणं, किंवा बरेच दिवस खचलेला असताना अचानक शांत होणं, यांतलं काही दिसलं तर आजच भेटा. फोनवर नको, प्रत्यक्ष.

सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतोय का तुझ्या मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, हे आता चांगलं माहीत झालेलं आहे. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. मग ऐका. सल्ला देऊ नका, आईबापाची शपथ घालू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका. काही ठरवलंय का असं विचारा. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही. १४४१६ त्याच्यासमोर लावा, रेक्टरना उठवा, घरातल्या समजूतदार माणसाला बोलवा. गावी असेल तर घरात किंवा शेतावरच्या खोलीत ठेवलेलं फवारणीचं औषध कुलपात जायला हवं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. तो टोकाचा क्षण बहुतेक वेळा टळून जातो, आणि त्या वेळी हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

पोलीस केस होईल या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही.

हे सगळं केल्यावर तुम्ही स्वतःही येऊन बसा. मित्राला रात्रभर धरून बसलेल्या मुलाला सकाळी तासाला जा म्हणणं बरोबर नाही.

पालक म्हणून आम्ही काय करावं?

रोजच्या फोनवर पहिला प्रश्न "अभ्यास झाला का" हा नसावा. "जेवलास का, काय होतं भाजीला" हे विचारा. शेजारच्या पोराचं नाव काढू नका. आणि मुलगा म्हणाला की "मला दवाखान्यात दाखवायचंय", तर कारण पूर्ण कळायच्या आधी हो म्हणा.

एकदा गेलो, पण त्या सरांशी जमलंच नाही. आता?

होतं असं. मुलीला बाईमाणसाशी बोलायचं असेल, कुणाला आपल्या गावचा समुपदेशक नको असेल, तर तसं स्पष्ट सांगा. कुणी वाईट वाटून घेत नाही, घेतलं तर तो त्यांचा प्रश्न. साधारण तीन-चार भेटींत काहीच हललं नाही असं वाटलं, तर तेही बोलून दाखवा, दुसऱ्याकडे पाठवणं आमच्या कामातच येतं. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचा कंटाळा येत असेल तर अर्ध्या पानावर लिहून न्या: त्रास कधीपासून, कशाने वाढतो, आधी कुणाला दाखवलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये असला तरी चालतो, फक्त नाव दिसेल असा काढा.